आमची वाटचाल : खिळ्यापासून स्क्रूपर्यंत

इंटिरियरचं काम करणाऱ्या आमच्या छोट्या फर्मने ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द पहिल्यांदा वापरला तो मालाच्या यादीत. बांबूचा बोर्ड, कमी वासाचा रंग, प्रमाणित लाकूड. यादी चांगली होती, पण साइटवरून निघणाऱ्या गोण्या तेवढ्याच राहिल्या. त्यांत मुख्यतः दोनच प्रकारचा कचरा असायचा : नव्या प्लायच्या पट्ट्या आणि जुनं तोडलेलं फर्निचर. पहिला कचरा मापातून येतो, दुसरा जोडातून. हे ध्यानात आल्यावर कामाची पद्धत हळूहळू बदलत गेली.

आधी माप. प्लायची 8 बाय 4 फुटांची शीट म्हणजे 2440 बाय 1220 मिमी. कडा सरळ करायला चारही बाजूंनी 5 मिमी काढले की हातात उरते 2430 बाय 1210. करवतीचं पातं प्रत्येक कापाला साधारण 4 मिमी खातं. कपाटाची बाजू 600 मिमी खोल धरली तर शीटच्या रुंदीत दोन पट्ट्या बसतात : 600, पात्याचे 4, पुन्हा 600, एकूण 1204. तीच खोली 605 केली की पहिली पट्टी कापल्यावर 601 मिमीच उरतात आणि दुसरी बाजू 4 मिमीने हुकते. ती पट्टी आतल्या फळ्यांना चालते, कारण फळ्या मागच्या बोर्डाच्या जाडीइतक्या कमी खोल असतात. पण फळ्या लागतात मोजक्या आणि पट्ट्या साचत जातात. म्हणून आता कटिंग प्लॅन, म्हणजे शीटवर कोणता तुकडा कुठे कापायचा त्याचा आराखडा, आधी तयार होतो आणि ड्रॉइंगमधली मापं त्यानंतरच पक्की होतात. विनियरच्या, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा लावलेल्या शीटला तुकडे हवे तसे बसवण्याची सवलतही कमी मिळते. तिथे लाकडाच्या रेषेची दिशा सांभाळावी लागते, तुकडा फिरवून बसवता येत नाही, त्यामुळे नासाडी जास्त धरूनच शीट मोजाव्यात.

बोर्ड निवडताना प्रश्न येतो त्याच्या गोंदातून हवेत सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइड वायूचा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये हा वायू माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. बोर्डांच्या युरोपातल्या ई-1 या कमी वायू सोडणाऱ्या वर्गासाठी चाचणी-कक्षातल्या हवेत त्याची मर्यादा घनमीटरला 0.124 मिलिग्रॅम आहे. त्याहून कमी वायूचा दावा करणाऱ्या ‘ई-झीरो’ या शिक्क्याचा अर्थ मात्र सगळीकडे एकच नाही, म्हणून शिक्क्यावर न थांबता चाचणीचा अहवाल मागावा. शिवाय चांगला बोर्डही वाईट पद्धतीने वापरला जातो. युरिया-फॉर्माल्डिहाइडचा गोंद ओलावा आणि उष्णतेने सुटत जातो आणि वायू सर्वांत सहज निघतो तो कापलेल्या उघड्या कडेतून. समोरच्या कडेला देखणी पट्टी लावायची आणि मागची, खालची कड तशीच सोडायची, ही चूक फार सर्रास होते. वायर जाण्याचं भोक, बिजागरीचा 35 मिमीचा खड्डा, सिंकखालची कड, सगळं बंद करायला हवं. पट्टी बसत नसेल तिथे सीलरचे दोन हात द्यावेत. पाणीही याच जागांतून शिरतं आणि बोर्ड फुगतो, त्यामुळे त्याच मेहनतीत फर्निचरचं आयुष्यही वाढतं.

लॅमिनेट एकाच बाजूला लावणं ही अशीच खोटी बचत. उघडी बाजू हवेतला ओलावा ओढते, बंद बाजू ओढत नाही. काही महिन्यांत दरवाजा धनुष्यासारखा वाकतो आणि अख्खा फेकावा लागतो. समोर 1 मिमी लॅमिनेट असेल तर आतून बॅलन्सिंग शीट, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा ठेवणारी शीट, लावलीच पाहिजे.

सर्वांत जास्त वेळ लागला जोड बदलायला. गोंद आणि खिळा यांनी बांधलेलं कपाट मजबूत असतं, पण ते हलवायचं म्हटलं की फोडावंच लागतं. आता सांगाडा कॅम फिटिंग (बोल्टचं डोकं पकडून फिरवून आवळायची आणि पुन्हा सोडवता येणारी धातूची चकती) आणि स्क्रूवर उभा राहतो. 18 मिमीच्या बोर्डात 15 मिमी व्यासाचा कॅम बसतो. त्याच्या भोकाचा मध्य कडेपासून किती अंतरावर, हे बोल्टच्या लांबीवर ठरतं, बहुधा 24 किंवा 34 मिमी. ड्रिलला खोलीचा स्टॉपर लावला नाही तर बिट पलीकडच्या लॅमिनेटमधून बाहेर येतो आणि तुकडा वाया जातो. एमडीएफच्या (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या बोर्डाच्या) कडेत आधी बारीक भोक पाडल्याशिवाय स्क्रू मारू नये, बोर्ड मधोमध चिरतो. जिथे पुन्हा पुन्हा खोलाबांधी होणार तिथे लाकडाचा स्क्रू दोन-तीन वेळांत सैल पडतो. तिथे आटे असलेला धातूचा इन्सर्ट बसवून एम-6 (6 मिमी व्यासाचा) बोल्ट वापरावा.

गोंद काढून टाकला की कपाट तिरपं होण्याची भीती असते. तो ताण मागच्या बोर्डाने घ्यायचा असतो. पाठीचा बोर्ड खाचेत नुसता सरकवून ठेवला तर दरवाजे महिनाभरात एकमेकांना घासू लागतात. सांगाडा आडवा ठेवून दोन्ही कर्ण मोजावेत, ते सारखे आले म्हणजे तो गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे, आणि मगच पाठ चहूबाजूंनी स्क्रूने आवळावी. या एका पायरीला घाई केली की पुढचं सगळं बिघडतं.

याच विचाराने सांगाडा आणि दरवाजे आम्ही वेगळे धरतो. सांगाडा उत्तम प्लायचा, दरवाजे ठरावीक मापांचे. माणसांना कंटाळा येतो तो दिसणाऱ्या भागाचा, आणि तेवढाच बदलला तर बहुतेक माल जागच्या जागी राहतो.

जुनं लाकूड वापरणं मनापासून आवडतं, पण त्याला शिस्त लागते. आधी मेटल डिटेक्टर फिरवून खिळे शोधावेत, नाहीतर रंध्याचं पातं जातं. मॉइश्चर मीटरवर ओलावा 8 ते 12 टक्क्यांत आला पाहिजे. टाचणीएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी दिसली तर आत कीड जिवंत असू शकते. ती मारायला लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला निदान 30 मिनिटं तापवावं लागतं. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असेल तर कोरडी घासाई अजिबात नको.

रंगाबाबत एकच सूचना : डब्याचा बेस कमी व्हीओसीचा (हवेत उडणाऱ्या सेंद्रिय रसायनांचा) असला तरी शेडसाठी मिसळलेलं रंगद्रव्य ते प्रमाण वाढवू शकतं, म्हणून दोन्हींची माहिती घ्यावी.

एलईडीत दिव्याआधी ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला योग्य वीज पुरवणारी डबी, जातो, कारण बंद सीलिंगमधल्या उष्णतेने त्यातले कपॅसिटर सुकतात. ड्रायव्हरपाशी हात पोचेल असं झाकण ठेवलं नाही तर एका छोट्या डबीसाठी सीलिंग फोडावं लागतं. उष्णता वाहून जावी म्हणून स्ट्रिप लाइट ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवावी.

काम सोपवताना आता एक फाइल दिली जाते. तिच्यात कटिंग प्लॅन, बोर्डाचा अहवाल, रंगाचा शेड नंबर, फिटिंगची मापं आणि भिंतीतल्या वायरिंगचे प्लास्टरपूर्वी काढलेले फोटो असतात. कपाटाच्या आतल्या बाजूला एक पाकीट चिकटवलेलं असतं : सहा कॅम, थोडे स्क्रू, कडेला लावायच्या एज बँडची मीटरभर पट्टी आणि कपाट कोणत्या क्रमाने उघडायचं त्याचा कागद.