आमची वाटचाल : टायर, तारा आणि ओला रस्ता

आमच्या कामाच्या टेबलावर पत्र्याची एक डबी असते. सायकलच्या टायरमधून जे जे निघतं ते तिच्यात जातं. काचेचे कण, काटे, टाचणीएवढे खिळे आणि सगळ्यांत जास्त केसासारख्या बारीक पोलादी तारा. मोठ्या गाड्यांचे टायर फुटले की त्यांतल्या या तारा रस्त्यावर पसरतात. रबरात शिरलेली तार बाहेरून दिसत नाही, आणि आतून बोट फिरवलं तर बोटातच घुसते. म्हणून कापसाचा बोळा फिरवायचा. जिथे कापसाचा धागा अडकतो तिथे चिमटा लावायचा. नुसतं ठिगळ लावून ट्यूब परत बसवली, तर तीच तार दुसऱ्या दिवशी नवीन भोक पाडते. हे मला बाबांनी शिकवलं, आणि आमचा व्यवसाय इथूनच सुरू झाला.

सुरुवातीला मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंच होतो. काम फक्त पंक्चरचं. तीच माणसं पुन्हा पुन्हा येत, आणि पैसे घेताना मला अवघडल्यासारखं व्हायचं. मग आम्ही वही घातली. कोणतं चाक, भोक कुठे, काय निघालं, रस्ता ओला होता का. टायर बसवताना त्याच्यावरचं नाव व्हॉल्व्हसमोर आणायची सवय लावून घेतली. त्यामुळे ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून मोजलं की टायरवरची नेमकी जागा सापडते आणि शोधण्यात वेळ जात नाही.

वहीतून दोन गोष्टी लवकरच लक्षात आल्या. पहिली, मागच्या चाकाची पंक्चरं पुढच्यापेक्षा कितीतरी जास्त. मागे वजन जास्त असतं, आणि आडवा पडलेला खिळा पुढचं चाक उडवून उभा करतं, तो मागच्या चाकात शिरतो. दुसरी, पाऊस पडला की पंक्चरं वाढतात. ओलं रबर काचेला वंगण लावल्यासारखं चटकन कापलं जातं, शिवाय ओल्या टायरला खडे आणि काचा चिकटून राहतात. चाक दर फेरीला त्यांना थोडं थोडं आत दाबत जातं.

मग ठरवलं, पंक्चर काढणं चालूच ठेवायचं, पण मुळात पंक्चर होणार नाही असे टायर विकायचे.

पहिली ठेच आकड्यांची लागली. आम्ही टायर इंचांत मागवले, आणि आलेल्या मालातला बराचसा रिमवर बसेना. २८ इंच म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरचा आतला व्यास ६२२ मिलिमीटर असू शकतो, तसाच ६३५ सुद्धा. आणि २९ इंची म्हणतात त्याचा व्यास पुन्हा ६२२च. तेव्हापासून आम्ही टायरच्या कडेवर छापलेला ३७-६२२ असा जोड आकडाच वाचतो. पहिला रुंदीचा, दुसरा रिमवर जिथे टायर बसतो तिथल्या व्यासाचा. दुसरा आकडा जुळला नाही तर बाकी कशालाही अर्थ नाही.

दुसरी चूक मात्र नुसत्या मालाची नव्हती, आणि ती मला आजही बोचते. पंक्चर कमी करायच्या भरात आम्ही मिळेल तो सर्वांत जाड, सर्वांत टणक टायर प्रत्येकाला दोन्ही चाकांना बसवत होतो. पंक्चरं खरंच थांबली. लोक खूश होते, आम्हीही. मग एका पावसात आमच्या नेहमीच्या एक शिक्षिका वळणावर, रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून घसरून पडल्या. मनगट मोडलं. बऱ्या झाल्यावर सायकल घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “ताई, टायर तर अजून नव्यासारखा आहे ना? मग घसरला कसा?”

मी टायरमध्ये अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं. खूणही उमटली नाही. टायर नव्यासारखा राहिला होता, कारण तो रस्त्याला धरतच नव्हता. त्यांना उत्तर काय द्यावं ते मला सुचेना. मी पुढचा टायर काढून ठेवला आणि म्हटलं, “बाई, चूक आमची आहे.”

त्यानंतर आम्ही रबराकडे नीट बघायला लागलो. काळ्या टायरमध्ये कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची बारीक काजळी असते, तिने रबर झिजायला चिवट होतं आणि उन्हात टिकतं. ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी मिश्रणात सिलिका नावाची पांढरी भुकटी घालतात. मऊ रबर पकडतं छान, पण लवकर झिजतं आणि लवकर कापलंही जातं. हे सगळं एकाच रबराकडून मिळत नाही, म्हणून काही टायरमध्ये मधला पट्टा टणक आणि खांदे मऊ ठेवतात. सरळ जाताना मधला भाग झिजतो, वळताना खांदा रस्ता धरतो.

एक समज आमचाही होता, की पाण्यासाठी खोल नक्षी हवी. मोटारीच्या टायरला ती हवीच. तो रुंद आणि सपाट असतो, वेगात त्याच्याखाली पाण्याचा थर अडकतो. सायकलचा टायर अरुंद आणि गोल, आत दाब सहसा मोटारीच्या टायरपेक्षा जास्त. तो पाणी आपोआप बाजूला सारतो. सायकलच्या नेहमीच्या वेगाला पाण्यावर तरंगण्याची भीती नसते. गुळगुळीत ओल्या रस्त्यावर रबर जितकं जास्त टेकेल तितकं बरं. बटणांचे टायर चिखलात कामाचे, पक्क्या रस्त्यावर ती बटणं वाकतात आणि वळणावर दगा देतात. हे आम्ही ओल्या सिमेंटवर, त्याच वेगाने, त्याच जागी ब्रेक दाबून पुन्हा पुन्हा पाहिलं, तेव्हाच मला पटलं.

आणि मग टायरची जोडी मोडली. मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा सायकल सावरता येते, पुढचं घसरलं की माणूस खाली. म्हणून पुढे पकडीचा टायर, मागे पंक्चर न होणारा. जोडीने माल देणाऱ्यांना हे आवडलं नाही, काही काळ मागचे संपून पुढचे पडून राहिले. आम्ही तरीही मागे हटलो नाही. मागचा टायर झिजला की नवा मागे लावायचा नाही. पुढचा चांगला असेल तर तो मागे न्यायचा आणि नवा पुढे लावायचा, हे आम्ही अनेकांना सांगतो. पण ज्याच्या रस्त्यावर काचा फार, त्याच्या मागच्या चाकाला, आत पंक्चर रोखणारा जाड पट्टा असलेलाच टायर ठेवतो.

पट्ट्यांतही फरक आहे. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस या टायरमध्ये सुमारे ५ मिलिमीटर जाडीचा लवचिक रबरी थर असतो. तार किंवा काटा त्यात अडकून राहतो, ट्यूबपर्यंत पोचत नाही. टायर जड होतो, बसवताना बोटं दुखतात, पण रोज कामावर जाणाऱ्यासाठी त्याच्याइतकी निश्चिंती दुसऱ्या कशात मी पाहिली नाही. दुसरा प्रकार विणलेल्या धाग्याचा. कॉन्टिनेंटल कंपनी आपल्या काही टायरमध्ये व्हेक्ट्रान या चिवट कृत्रिम धाग्याचा थर घालते, तशाच केव्हलार धाग्याचेही पट्टे येतात. हे हलके असतात, काचेच्या कापापासून वाचवतात, पण बारीक तार विणीतून वाट काढू शकते. आणि बहुतेक पट्टे फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली असतात. धारदार दगडाने टायरची बाजू चिरली तर पट्टा काही करू शकत नाही.

हवेचं मात्र आम्ही प्रत्येकाला सांगतो. महागडा टायर घेऊन महिनोन् महिने हवा न बघणारे खूप आहेत. हवा कमी असताना खड्ड्याची कड लागली की ट्यूब रिमवर चेपते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, सापाच्या दातांसारखी. त्याला कुठलाही पट्टा वाचवत नाही. उलट कडेवर छापलेल्या कमाल दाबाच्या आकड्यापर्यंत ठासून भरली तर टायर उड्या मारतो आणि ओल्यात पकड जाते. थोडा रुंद टायर घ्या, दाब मधला ठेवा, आठवड्यातून एकदा पंप लावा. त्याच वेळी चाक हळू फिरवून रुतलेले खडे काढून टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

आता आम्ही सहाजण आहोत. वही अजून चालू आहे, फक्त ती भाऊ भरतो.

त्या बाई अजूनही येतात. मागे तोच जाड टायर आहे. पुढचा मऊ टायर मागच्या महिन्यात बदलला. रबर फारसं झिजलं नव्हतं, पण सायकल उन्हात उभी राहून राहून कडेला बारीक भेगा पडल्या होत्या. त्या हात लावून बघत होत्या, आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनीच नख रुतवून पाहिलं.