ओल्ड ॲडेज आणि पिवळा पीतांबर

परवा एका मेलमध्ये मी ऐटीत लिहिलं, ॲज दि ओल्ड ॲडेज गोज, म्हणजे जुनी म्हण आहे ना तसं, आणि भाचीने लगेच पकडलं. मामा, नुसतं ॲडेज लिही, ॲडेज जुनंच असतं. म्हणजे आपल्याकडचं गाईचं गोमूत्र नाहीतर पिवळा पीतांबर. वर हेही ऐकवलं की उच्चार ॲडिज असा आहे, जो मी गेली ३० वर्षं अडेज असा करतोय, आणि कुणी टोकलं नाही कारण समोरचेही बहुतेक तेच म्हणत असणार.

अर्थ साधाच, खूप वर्षं लोकांच्या तोंडात बसलेली म्हण. प्रॉव्हर्ब रोजचा शब्द, सेइंग अजून घरगुती, आणि ॲडेज म्हणजे इस्त्रीचा शर्ट घालून आलेली म्हण. शब्द लॅटिन अडाजियमवरून आलाय आणि त्याच्या मुळाशी 'मी म्हणतो' अशा अर्थाचं क्रियापद आहे असं मानतात, म्हणजे आपली म्हण म्हणण्यातून आली तसं त्यांचंही म्हणण्यातूनच की! इरॅस्मस नावाच्या डच पंडिताने १५०० साली पॅरिसला ग्रीक-लॅटिन म्हणींचं पुस्तक काढलं तेव्हा त्यात ८०० च्या आसपास होत्या, पण गडी थांबेचना, १५३६ मध्ये वारला तोवर ४,००० च्या वर गेल्या होत्या. नाद लागला की असंच होतं.

मला मात्र आवडते शेक्सपियरच्या 'मॅकबेथ' नाटकातल्या लेडी मॅकबेथची मांजर. नवरा राजाला मारायला कचरतोय तर ही त्याला म्हणते, ॲडेजमधल्या त्या बिचाऱ्या मांजरीसारखा जगणार का? बस. अख्खी म्हण सांगतच नाही. मांजरीला मासा हवा पण पाय भिजवायचे नाहीत, हे तेव्हाच्या प्रेक्षकांना माहीतच असणार. आपणही तेच करतो ना, "नाचता येईना" एवढंच बोलून थांबायचं, अंगण ज्याचं त्याने मनात वाकडं करून घ्यावं. आमची आई त्याच्याही पुढची, माझी पोळी करपली आणि मी तव्याला नावं ठेवायला लागलो की पाठमोरीच म्हणायची, "अंगण!"

तर भाचीशी मी वाद घातला, अगं आपणही जुनी म्हण आहे असं म्हणतोच की, इंग्रजीतले चांगले शिकलेले लोकही सर्रास ओल्ड ॲडेज लिहितात, शिवाय हा मेलचा प्रोग्राम काही खाली लाल रेघ मारत नाही, मग माझी काय चूक?

ती हातातल्या फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "मामा, अंगण."