भोपळ्याची फलधारणा आपल्या हाती

गच्चीवर किंवा बाल्कनीत लाल भोपळा लावणाऱ्यांची पावसाळ्यातली तक्रार बहुधा एकच असते: वेल जोमाने वाढतो, फुलांनी भरून जातो, पण लिंबाएवढे झालेले भोपळे पिवळे पडून गळतात. मग कोणी शेणखत वाढवतो, कोणी टॉनिक आणतो, आणि घरातली वडीलधारी माणसे कोवळ्या फळाकडे बोट दाखवू नका, ते कुजते, असे बजावतात. माझ्या मते अशा बहुतेक वेलांना खताची नव्हे, मधमाशीची उणीव असते. भोपळ्याचे परागकण मोठे आणि चिकट असल्याने ते वाऱ्यावर उडत नाहीत. चौथ्या-पाचव्या मजल्यावर सातेरी किंवा फुलोरी माशी फिरकत नसेल, तर नर फुलातले पराग मादी फुलाला लावण्याचे तिचे काम आपणच करायला हवे.

नर फूल लांब, बारीक देठावर उभे असते, तर मादी फुलाच्या पाकळ्यांखाली कळी असल्यापासूनच इवलासा भोपळा दिसतो. सुरुवातीला बरेच दिवस केवळ नर फुले येतात, तेव्हा काळजीचे कारण नसते. नत्र जास्त झाले तर मात्र वेल नुसता पानांनी माजतो.

लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि उन्हे चढली की कायमचे मिटते, म्हणून हे काम मी सकाळी आठच्या आत, चहाच्याही आधी उरकते. त्याच दिवशी उमललेले नर फूल देठासह खुडून त्याच्या पाकळ्या अलगद सोलाव्यात, म्हणजे मध्ये परागकोशांचा पिवळाधमक दांडा उरतो. त्याला बोट लावल्यावर पिवळी पूड चिकटली, तर पराग तयार आहे असे समजावे. मादी फुलाच्या मध्यभागी जाडसर, ओलसर आणि तीन भागांत विभागलेली कुक्षी असते. तिच्या तिन्ही भागांवर पिवळा थर स्पष्ट दिसेपर्यंत तो दांडा हलक्या हाताने फिरवावा. येथे घाई नको, कारण एखाद्या भागावर पराग कमी पडले तर त्या बाजूला बिया कमी धरतात आणि फळ तिकडे खुरटून वाकडे होते. रंगकामाच्या मऊ ब्रशनेही हे साधते, परंतु बरेचसे पराग त्याच्या केसांतच अडकतात, त्यामुळे मला फूलच बरे वाटते. जास्तीच्या नर फुलांची भजी उत्तम होतात.

हीच सकाळची वेळ दुधीला लावली तर श्रम वाया जाण्याचीच शक्यता अधिक. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, त्यांच्यावर रात्री पतंग येतात आणि सकाळच्या उन्हात ती मलूल होतात. दोडक्याची पिवळी फुलेही दिवस कलल्यावरच उघडतात, पण त्याच्याच जवळचे घोसाळे सकाळी फुलते. त्यामुळे एकाच मांडवावर हे सारे वेल चढवले असतील, तर दोन्ही वेळा फेरी मारण्याला पर्याय नाही.

खरी अडचण पावसाची आहे, कारण भिजलेले पराग निकामी होतात. आभाळ भरून आले असेल तर टोकाला पिवळ्या झालेल्या, पण घट्ट मिटलेल्या नर कळ्या आदल्या संध्याकाळी खुडून पाण्याच्या पेल्यात ठेवाव्यात. सकाळी त्या घरातच उमलतात. पराग लावून झाल्यावर मादी फुलाच्या पाकळ्या जुळवून दोऱ्याने सैलसर बांधल्या की आत पाणी शिरत नाही. फलधारणा झाली असेल तर काही दिवसांतच फळ फुगू लागते. पिवळ्या पडलेल्या फळावर बारीक छिद्र आणि त्यातून पाझरलेला डिंक दिसला, तर मात्र तो दोष फळमाशीचा असतो. असे फळ वेलाखाली टाकू नये, कारण त्यातल्या अळ्या मातीत जाऊन कोष करतात.

बियाणे धरायचे असेल तर नर आणि मादी, दोन्ही कळ्यांची तोंडे आदल्या संध्याकाळीच बांधावीत. शेजारच्या गच्चीवरील वेगळ्या वाणाचे पराग लागले तरी या वर्षीच्या भोपळ्याची चव बदलत नाही, परंतु त्याच्या बियांपासून पुढे काय उगवेल, याची खात्री राहत नाही. दुधी आणि लाल भोपळा यांचा आपसांत संकर होत नाही, तेव्हा ते शेजारी असले तरी चालतात. बियाण्यासाठी राखलेल्या फळाच्या देठाला मी रंगीत दोरा बांधते आणि घरात सर्वांना सांगून ठेवते, नाहीतर नेमके तेच फळ घारग्यांसाठी कापले जाते.