समर टर्मचा पहिला आठवडा

ईस्टरची सुट्टी संपली, मुलं परत आली. इंग्लंडमधल्या या प्रेप स्कूलमध्ये, म्हणजे साधारण तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खासगी शाळेत, मी गणित शिकवते आणि बोर्डिंग हाऊसची ड्यूटीही करते. वर्षातली ही टर्म मला सगळ्यात जास्त आवडते. रग्बी, हॉकी संपून क्रिकेट सुरू होतं. तेरा वर्षांखालच्यांचा चेंडू मोठ्यांच्या चेंडूपेक्षा हलका, साधारण १३३ ते १४४ ग्रॅमचा असतो, पण बोटावर बसला की लागतो चांगलाच.

रात्रीची ड्यूटी मात्र अवघड. एप्रिल सरता सरता आठ वाजले तरी बाहेर उजेड, मग धाकटी मुलं झोपणार कशी? पडदे ओढून मी थोडा वेळ वाचून दाखवते. पहिल्या दोन-तीन रात्री घरच्या आठवणीने कुणीतरी रडतंच, आणि तेव्हा घाईने समजूत काढण्यापेक्षा नुसतं शेजारी बसावं, असं माझं ठाम मत आहे.

आठवीच्या मुलांची काळजी वेगळी. १९०४ पासून चालत आलेली कॉमन एंट्रन्स, म्हणजे पुढच्या खासगी माध्यमिक शाळांची प्रवेश परीक्षा, याच टर्ममध्ये येते. सप्टेंबरमध्ये ती वेगवेगळ्या शाळांत पांगतील. उद्या त्यांचा बीजगणिताचा सराव घ्यायचाय, मॅचच्या आधी.