एलडीएल ९८, घोट्याचा दाब ११०

चोपन्न वर्षांचे किराणा दुकानदार. दुकानातून एसटी स्टँडकडे निघाले की दोनशे मीटरच्या आसपास उजव्या पोटरीत गोळा यायचा, पाय जड व्हायचा. नुसते उभे राहिले तरी दोन-तीन मिनिटांत सगळं ओसरायचं. “रस्त्यात कुणी भेटलं की बरं वाटतं, डॉक्टर. गावाला वाटतं, शेट अलीकडे गप्पिष्ट झाले.” साइटिका समजून आठ महिने कमरेला पट्टा बांधून झाला होता. मध्ये कुणीतरी व्हेरिकोज व्हेन्स (फुगलेल्या शिरा) ठरवून घट्ट मोजेही दिले होते.

खरं तर ते पायासाठी आलेच नव्हते. शिबिरातले रक्ताचे रिपोर्ट दाखवायचे होते. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ९८ आलं, म्हणजे हृदयाची काळजी मिटली, असं घरात ठरलं होतं. माझं लक्ष मात्र त्या ‘नुसते उभे राहिले तरी’वर अडकलं. मणक्यातली नस दबली असेल तर माणसाला बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. उभ्या-उभ्या थांबते ती कळ बहुतेकदा रक्त कमी पडल्याची असते.

मोजे काढले. उजव्या नडगीवरचे केस विरळ, कातडी तुकतुकीत. पायाच्या वरच्या बाजूची नाडी लागेना. ती काही निरोगी माणसांतही जन्मतःच सापडत नाही, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नये. आतल्या घोट्यामागची नाडी चाचपली, तीही जेमतेम. मग डॉपलर पेन काढला. धमनीतल्या रक्ताचा आवाज ऐकवणारं हे छोटं यंत्र; त्याने घोट्याचा रक्तदाब मोजता येतो.

ही तपासणी सोपी आहे, पण घाईत हमखास चुकते. आधी दहा मिनिटं उताणं झोपवायचं. बीपीचा पट्टा घोट्याच्या जरा वर बांधायचा. तो अरुंद असला तर दाब खोटा जास्त येतो. भरपूर जेल लावून आठ मेगाहर्ट्‌झचा पेन साधारण ४५ ते ६० अंशांत तिरका धरायचा. दाबून धरला तर धमनी पेनाखालीच बंद होते आणि आवाज गेला असं वाटतं. आवाज थांबल्यावर पट्टा आणखी २०-३० मिलिमीटर फुगवायचा, मग सेकंदाला दोन-तीन मिलिमीटरने हवा सोडायची आणि पहिला ठोका परत येईल तो आकडा लिहायचा. घरातलं डिजिटल बीपी यंत्र घोट्याला बांधून हे जमत नाही, कारण दाब कमी असला की त्याचं वाचन भरवशाचं राहत नाही.

हात: उजवा १४८, डावा १५२. उजवा घोटा, दोन नाड्यांवर: १०४ आणि ११०. घोट्याच्या दोन आकड्यांतला मोठा भागिले हातांतला मोठा, म्हणजे ११० भागिले १५२: ०.७२. हे गुणोत्तर, म्हणजे एबीआय, ०.९० किंवा त्याखाली आलं की पायाच्या धमनीत अडथळा धरतात. डावीकडे १४६ होता, म्हणजे ०.९६, काठावर. त्यांना भिंतीला धरून पन्नास वेळा टाचा उचलायला लावल्या आणि लगेच पुन्हा मोजलं: डावा घोटा ११८, हात १६०, गुणोत्तर ०.७४. ‘चांगला’ पायही तसा चांगला नव्हता. जुन्या मधुमेहात धमनीची भिंत चुन्यासारखी कडक होते, पट्ट्याने दबत नाही आणि आकडा १.४०च्या वर जातो. तिथे पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो. इथे ती वेळ आली नाही.

आता रिपोर्ट. उपाशीपोटी साखर ११४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३२, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३४, बीपी १५२/९२. पँट ३४ इंची, पण ती पोटाखाली बांधलेली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर टेप लावली तर ९८ सेंटिमीटर. कंबर, बीपी, साखर, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल एकत्र बिघडतात त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात; या पाच निकषांपैकी तीन पुरतात (आपल्या पुरुषांसाठी कंबर ९० सेंटिमीटर). यांचे पाचही भरले. वजन ७१ किलो, उंची १६८. रस्त्यात पाहून कुणी लठ्ठ म्हणणार नाही. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला जोडफोटो मी अशा वेळी दाखवतो. दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

आणि ते ९८? एकूण कोलेस्टेरॉल १७८ मधून एचडीएल ३४ आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, ४६, वजा केला की ते उरतं. हा आकडा कोलेस्टेरॉलचं वजन सांगतो, कणांची संख्या सांगत नाही. ट्रायग्लिसराइड चढलेलं असलं की एलडीएलचे कण लहान आणि दाट होतात, म्हणजे तेवढ्याच वजनात कण जास्त. म्हणून १७८ वजा ३४, म्हणजे एचडीएल सोडून उरलेलं सगळं कोलेस्टेरॉल, हे १४४ बघावं. तो हिशेब कागदाच्या कोपऱ्यात कुणालाही करता येतो, तरी फार थोडे करतात.

मुळाशी धमनीचं आतलं अस्तर आहे. इन्सुलिन या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावतं, त्याने धमनी सैलावते. त्याच इन्सुलिनचा दुसरा मार्ग धमनी आवळणारं एंडोथेलिन वाढवतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की पहिला मार्ग मंदावतो, दुसरा चालूच राहतो, आणि रक्तात इन्सुलिन चढं असल्यामुळे तो जोरातही चालतो. भरीला पोटातली चरबी पीएआय-१ हे प्रथिन वाढवते, त्यामुळे झालेली गुठळी विरघळायला वेळ लागतो. यात तंबाखूची भर, आणि शेटजी दिवसभर मळत असत. हे काही फक्त पोटरीच्या धमनीत घडत नाही. कमी एबीआय असलेल्यांत हृदयविकाराच्या मोठ्या घटना साधारण दुप्पट दिसतात. त्यामुळे ईसीजी साफ आल्यावर घरच्यांनी सोडलेला निःश्वास मला पटला नाही. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी हृदयाच्या धमन्यांतला अडथळा बरेचदा दाखवत नाही.

घट्ट मोजे आणि गरम पाण्याची पिशवी त्याच दिवशी बंद केली. कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन पूर्ण मात्रेत, अ‍ॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम, बीपीची गोळी सुरू केली. चालण्याचं अंतर वाढवणारं सिलोस्टॅझॉल इको (हृदयाची सोनोग्राफी) होईपर्यंत राखून ठेवलं, कारण हृदय अशक्त असलेल्याला ते देता येत नाही. तंबाखू सोडायची. चहा दिवसाला सहा कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे पन्नासेक ग्रॅम साखर. ट्रायग्लिसराइडची निम्मी कथा तिथेच होती. “भाकरी तर चालते ना?” पत्नीने विचारलं. चालते, पण दोन. ‘चालते’ म्हणून चार नाही.

चालण्याची कृती मात्र लिहून दिली, कारण नुसतं ‘चाला’ म्हटलं की माणूस कळ येण्याआधीच थांबतो. कळ मध्यम होईपर्यंत चालायचं, पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, पुन्हा निघायचं. थांबे धरून तीस ते पंचेचाळीस मिनिटं, आठवड्यातून किमान तीन दिवस, बारा आठवडे. छातीत दाटलं तर तिथेच सोडायचं.

बारा आठवड्यांनी ते न थांबता साडेपाचशे मीटर जात होते आणि कंबर ९३ झाली होती. उजवीकडचा एबीआय ०.७२ होता, तो ०.७४. आकडा जवळजवळ हललाच नाही म्हणून जरा खट्टू झाले. चालण्याने अडथळा विरघळत नाही. पोटरीचा स्नायू आलेलं रक्त जास्त नीट वापरायला शिकतो, म्हणून अंतर वाढतं आणि घोट्याचा दाब फारसा बदलत नाही. इको ठीक होता. ट्रेडमिलवर पोटरीच आधी थांबवेल, म्हणून हृदयाची ताण-चाचणी औषध देऊन करायला पाठवलं, आणि सोबत आलेल्या मुलाच्या कमरेलाही टेप लावली: ९४.