‘बकेट बदलली’

पुरवठादाराने टेबलावर दोन अहवाल शेजारी शेजारी ठेवले. आमच्या अहवालात ब्रिकेटचा उष्मांक ३,९८४ किलोकॅलरी प्रति किलो, दुसऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालात ४,०२१. माल एकच, एकाच वेळी काढून तीन पिशव्यांत वाटून सील केलेला. करार ४,००० चा. त्याखाली आकडा गेला की कारखाना टनामागे २०० रुपये कापतो. तीन गाड्यांचे ४२ टन, म्हणजे ८,४०० रुपये.

‘‘ताई, माझा माल बदललेला नाही. तुमचं मशीन बदललंय,’’ तो म्हणाला.

असं म्हणणारे आठवड्याला दोन-तीन तरी येतात. अंबड, सातपूर, सिन्नर, दिंडोरी या पट्ट्यात बरेच बॉयलर आता ब्रिकेटवर चालतात. सोयाबीनचं भुसकट, भुईमुगाची टरफलं, लाकडाचा भुसा, उसाचं चिपाड, जे स्वस्त मिळेल ते दाबून केलेले दंडगोल. दहापैकी नऊ भांडणं उष्मांकाची नसतातच, ओलाव्याची असतात. विकणारा कोरड्या मालाचा आकडा सांगतो, घेणारा गाडीतून उतरला तसा माल जाळतो. नऊ टक्के ओलाव्याच्या मालात हा फरक साडेतीनशे किलोकॅलरीच्या पुढे जातो. अहवालात दोन्ही आकडे एकाखाली एक छापलेले असतात, तरी लोक आपल्या सोयीचा तेवढाच वाचतात. म्हणून आधी तेच पाहिलं. दोन्ही अहवाल ‘आला तसा’ याच पायावर होते. आमचा ओलावा ९.० टक्के, त्यांचा ८.९. तिथे काही नव्हतं.

दोन प्रयोगशाळांत ३७ किलोकॅलरींचा फरक पडणं गैर नाही. प्रमाणपद्धतीत वेगवेगळ्या प्रयोगशाळांना ग्रॅममागे ३०० ज्यूल, म्हणजे ७० किलोकॅलरींच्या आसपास सूट असते. हे त्याला सांगून मी परत पाठवू शकले असते. सांगितलंही. पण तिसरी पिशवी आमच्याच कपाटात होती आणि तो समोरून हलेना, म्हणून मी ती फोडली.

ब्रिकेटचा नमुना करणं कोळशापेक्षा अवघड असतं. कोळसा ठिसूळ, तो २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून सरळ उतरतो. भुसकटाचे तंतू गिरणीत नुसते फिरत राहतात, गिरणी तापते आणि नमुना दळता दळताच वाळतो. त्यामुळे थोडं थोडं दळायचं, मध्ये थांबायचं, पूड ताटलीत पसरून खोलीच्या हवेशी जुळू द्यायची आणि उष्मांक काढायचा त्याच दिवशी त्याच पुडीचा ओलावा काढायचा. कालचा ओलावा आज वापरला की पुढचं सगळं गणित वाकडं.

मग एक ग्रॅमची गोळी दाबायची. सुटी पूड बॉम्बमध्ये, म्हणजे नमुना जाळायच्या जाड पोलादी बंद भांड्यात, ठेवली तर ऑक्सिजन भरतानाच ती क्रुसिबलच्या वाटीतून उडते आणि न जळता तळाशी पडते. गोळी भरली १.०१२४ ग्रॅम. दोन इलेक्ट्रोडमध्ये निक्रोमची तार, तारेला गाठ मारून दोरा, दोऱ्याचं टोक गोळीला टेकलेलं. बॉम्बच्या तळाशी एक मिलीलीटर ऊर्ध्वपातित पाणी, जळताना तयार होणारी आम्लं शोषून घ्यायला. झाकण हाताने आवळायचं, पान्याने नाही. ऑक्सिजन ३० किलो दाबापर्यंत, आणि ब्रिकेट असेल तर कॉक इतका कमी उघडायचा की भरायला मिनिटभर लागावं. व्हॉल्व्हच्या आट्यांना तेलाचं बोट लागता कामा नये. दाबातल्या ऑक्सिजनला तेलाचं वावडं आहे, तिथे स्फोट होतो. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते आणि दुसऱ्या दिवशी हेच विचारते.

बॉम्ब ज्यात बुडवायचा त्या बकेटमध्ये २,००० ग्रॅम पाणी. ग्रॅम म्हणजे ग्रॅम, वजनकाट्यावर. दोन लिटरच्या फ्लास्कने पाणी मोजणाऱ्या प्रयोगशाळा मी पाहिल्या आहेत. फ्लास्कवरची खूण २० अंशांसाठी असते, मे महिन्यात नाशकात पाणी ३० अंशांचं असतं. ते प्रसरण पावलेलं दोन लिटर पाणी पाच ग्रॅमने कमी भरतं, आणि पाच ग्रॅम म्हणजे थेट ०.२ टक्के चूक. शिवाय उन्हाळ्यात बाटलीतलं पाणी आधी फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, कारण बकेटमधलं पाणी तिच्याभोवतीच्या आवरणापेक्षा, म्हणजे जॅकेटपेक्षा, दीडेक अंश थंड असलं तर पेटवल्यानंतर ते चढून जॅकेटच्या जवळ येऊन थांबतं आणि उष्णतेच्या गळतीची दुरुस्ती लहान राहते.

बॉम्ब पाण्यात सोडला की मी आधी बुडबुडे बघते. एकही असला तर फायरिंग नाही, बॉम्ब बाहेर, ओ-रिंग तपास. बुडबुडे नव्हते. पाणी ढवळणारा स्टरर सुरू, पाच मिनिटं दर मिनिटाला तापमान, मग बटण. बटण दाबताना बॉम्बवर वाकून उभं राहायचं नाही. वीस-पंचवीस सेकंद काहीच होत नाही, मग आकडा चढू लागतो, आधी सावकाश, मग भराभर, मग पुन्हा मंद. दुरुस्ती धरून एकूण वाढ १.७४१ अंश. बॉम्ब उघडला तर क्रुसिबल स्वच्छ, राख पांढुरकी, भिंतीवर काजळी नाही, म्हणजे ज्वलन पूर्ण. तार, दोरा आणि आम्लं यांचे ३८ कॅलरी वजा करून, ओलावा धरून ‘आला तसा’ या पायावर हिशेब केला: ३,९८४. पुन्हा तोच.

‘‘बघा,’’ मी म्हणाले.

तो उठला. जाताना दारात थांबून त्याने विचारलं, ‘‘पण मशीन बरोबर आहे हे कशावरून कळतं?’’

बरोबर प्रश्न. त्याचं उत्तर बेंझोइक आम्ल. प्रमाणित गोळी ग्रॅमला ६,३१८ कॅलरी देते. ती जाळायची, तापमान किती चढलं बघायचं आणि उपकरणाचा एक अंश वाढवायला किती कॅलरी लागतात ते काढायचं. हा वॉटर इक्विव्हॅलंट. त्याच्याशिवाय कॅलरीमीटर म्हणजे नुसता थर्मामीटर. दहावीच्या पुस्तकात मिश्रणाची पद्धत असते, गरम गोळा पाण्यात टाकतात आणि पाण्याने घेतलेल्या उष्णतेत कॅलरीमापीने घेतलेली उष्णता मिळवतात. तेच इथे. २,००० कॅलरी पाण्याच्या, वरच्या चारशेच्या आसपास बॉम्ब, बकेट, स्टरर या पोलादाच्या.

आमचा आकडा होता २,४१०, दोन एप्रिलला काढलेला. दर महिन्याला तपासायचा नियम आहे. दोन मे उलटून गेला होता, कारण गोळ्या संपल्या होत्या आणि मागणीपत्र तीन आठवडे एका टेबलावर पडून होतं. नवी बाटली दहा मेला आली आणि डेसिकेटरमध्ये ठेवली गेली. मी त्याला थांबवून ठेवलं आणि त्याच्यासमोर गोळी लावली. १.००३१ ग्रॅम. वाढ यायला हवी होती २.६४४. आली २.६२८.

०.०१६ अंश. हाताला तर कळणारच नाही, साध्या थर्मामीटरवर दिसणारही नाही.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी मिळून पाच गोळ्या जाळल्या. २,४२१, २,४२५, २,४२४, २,४२७, २,४२३. सरासरी २,४२४. इथे मला आकड्यांच्या सरासरीपेक्षा त्यांचं एकमेकांजवळ असणं जास्त बोललं. बॉम्ब गळत असता, ज्वलन कधी अर्धवट होत असतं, तर आकडे विखुरले असते. हे पाचही एकाच बाजूला, एकाच अंतरावर सरकले होते. म्हणजे उपकरण बिघडलेलं नव्हतं, बदललेलं होतं. गोळ्या दमट असण्याची शंका होती, पण बेंझोइक आम्ल ओलावा फारसा धरतच नाही आणि बाटली नुकती फोडलेली होती.

मग मी देखभालीची नोंदवही काढली. २१ एप्रिल, आमच्या तंत्रज्ञाच्या अक्षरात दोन शब्द: ‘बकेट बदलली’. खाली माझी सही.

जुनी बकेट तळाच्या वेल्डला टाचणीएवढं छिद्र पडून झिरपत होती. त्याने भांडारातून नवी आणून लावली, व्यवस्थित नोंदही केली. त्याचं काम त्याने चोख केलं. दोन्ही बकेटी वजनकाट्यावर ठेवल्या. जुनी ६७२ ग्रॅम, नवी ७९० ग्रॅम. पत्रा जाड होता. ११८ ग्रॅम जास्तीचं पोलाद, पोलादाची विशिष्ट उष्माधारकता ०.१२ च्या आसपास, गुणाकार १४. दोन हजार चारशे दहा अधिक चौदा. खात्रीसाठी जुन्या बकेटच्या छिद्रावर एपॉक्सीचा थेंब लावून ती सुकवली आणि तिच्यात दोन गोळ्या जाळल्या: २,४०९ आणि २,४१२.

इतकं स्वच्छ जुळताना या कामात फार क्वचित दिसतं. मला त्याचा आनंद झाला, हे लिहायलाच हवं. पण मग मी नवा आकडा घेऊन त्या ब्रिकेटचा हिशेब पुन्हा केला. वाढ तीच १.७४१, उष्मांक ४,००८.

२१ एप्रिल ते १४ मे या काळात त्या बॉम्बमधून ५७ नमुने गेले होते. प्रत्येकाचा आकडा ०.६ टक्क्यांच्या आसपास कमी. मी तक्ता करून प्रमुख सरांकडे नेला. ते चांगले रसायनतज्ज्ञ आहेत आणि त्यांचं म्हणणं निराधार नव्हतं: चोवीस किलोकॅलरी, सूट सत्तरची. आपल्याच प्रयोगशाळेत एकाच नमुन्याच्या दोन चाचण्यांना १२० ज्यूलची, म्हणजे २९ किलोकॅलरींची सूट असते, हा फरक त्याच्याही आत आहे. अहवाल चुकीचा ठरतच नाही.

मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. ती सूट योगायोगाच्या फरकासाठी आहे. कधी तारेचा तुकडा जास्त जळतो, कधी स्टररचा वेग बदलतो, कधी गोळीच्या या कोपऱ्यात टरफल जास्त येतं. असे फरक दोन्ही बाजूंना जातात. ज्या चुकीचं कारण माहीत आहे, दिशा माहीत आहे, ग्रॅमपर्यंत माप माहीत आहे, ती सुटीच्या कोपऱ्यात ठेवता येत नाही. भाजीवाल्याच्या काट्याखाली चुंबक सापडलं तर ‘काट्याला एवढी सूट असतेच’ म्हणून आपण ते तिथेच राहू देत नाही. चोवीस किलोकॅलरींनी बॉयलरमध्ये काही फरक पडत नाही हे खरं, चिमणीतून निघून जाणाऱ्या वाफेबरोबर त्याच्या कितीतरी पट उष्णता जाते. पण करार बॉयलरवर लिहिलेला नसतो, आमच्या आकड्यावर लिहिलेला असतो.

५७ पैकी चार नमुने असे निघाले की नव्या आकड्याने रेषा ओलांडत होते. तीन ब्रिकेटचे, एक कोळशाचा. तो कोळसा ४,२८५ म्हणून जी-११ ग्रेडमध्ये लिहिला गेला होता, नव्या हिशेबाने ४,३१०, म्हणजे एक पायरी वरची जी-१०. या चौघांना सुधारित अहवाल पाठवायला सर तयार झाले. उरलेल्या ५३ जणांच्या करारात काय रेषा आहेत आम्हाला माहीत नाहीत, आणि विचारायचं तर का विचारतो ते सांगावं लागतं. त्यांचे नवे आकडे काढून मी एका फाइलमध्ये लावले आहेत. फाइल सरांच्या टेबलावर आहे.

आता रोज सकाळी पहिली गोळी बेंझोइकची असते. पाऊण तास जातो, आणि नमुन्यांची रांग लागली की तंत्रज्ञ माझ्याकडे बघतो. बकेट, ओ-रिंग, इलेक्ट्रोड, स्टररचं पातं, काहीही हललं की नव्या पाच गोळ्या, मग वजन किती का असेना. नोंदवहीत मी ‘वॉटर इक्विव्हॅलंट पुन्हा काढला का’ असा रकाना आखला आहे. तो रिकामा असेल तर मी सही करत नाही.

सुधारित अहवाल घ्यायला पुरवठादार स्वतः आला. कारखान्याने कापलेले पैसे परत करायचं मान्य केलं होतं. त्याने अहवाल घडी करून खिशात ठेवला आणि मार्चमधल्या दोन गाड्यांचं विचारलं, त्या ३,९९० ला अडकल्या होत्या. मी सांगितलं, तेव्हा जुनी बकेट होती, तो आकडा बरोबर आहे. मार्चचं आणि दोन एप्रिलचं बेंझोइकचं पान काढून दाखवलं. त्याने बराच वेळ पान बघितलं.

‘‘यावरही तुमचीच सही आहे ना, ताई?’’ त्याने विचारलं.

मी हो म्हणाले. त्या दोन गाड्यांच्या राखून ठेवलेल्या पिशव्या अजून कपाटात आहेत, सील न फोडलेल्या. सोमवारी त्या लावणार आहे.