श्टुटगार्टमधला पहिला महिना : पत्रपेटी, खिडकी आणि केर

जर्मनीत श्टुटगार्टला शिकायला येणाऱ्यांसाठी हे लिहितोय. विमानतळावरून शहराकडे जाणारी एस-२ किंवा एस-३ लोकल फायहिंगन मागे टाकल्यावर बोगद्यात शिरते. विद्यापीठाचं स्टेशन त्या बोगद्यातच लागतं. पुढे थेट शहराच्या मध्यावर उतरून वर आलं की चारही बाजूंना डोंगर दिसतात. श्टुटगार्ट वाडग्याच्या तळाशी वसलंय आणि वाडग्याच्या कडांवर चक्क द्राक्षमळे आहेत. उतार चढायला चारशेहून जास्त दगडी जिने आहेत, त्यांना इथं श्टेफेले म्हणतात. नकाशात खोली स्टेशनपासून पाच मिनिटांवर दिसते, पण ती पाच मिनिटं जिन्याची असू शकतात. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन येणार असाल, तर वरपर्यंत बस जाते का हे निघण्याआधीच बघून ठेवा.

खोलीत पोचल्यावर सामान सोडायच्या आधी खाली जाऊन पत्रपेटीवर नाव लावा. ही गोष्ट मी मुद्दाम सगळ्यांच्या आधी सांगतोय. बँकेचं कार्ड वेगळ्या पाकिटात, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात, विम्याचं कार्ड, कराचा नंबर, परदेशी नागरिकांच्या कचेरीचं बोलावणं, हे सगळं टपालानंच येतं. पोस्टमन खोली क्रमांक विचारत नाही, पेटीवरचं आडनाव बघतो. ते नसेल तर ‘इथे अशी व्यक्ती नाही’ म्हणून पाकीट परत जातं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. आपल्या पासपोर्टात नावापुढे वडिलांचं नाव असतं, त्यामुळे पत्रावर तीन शब्दांचं लांबलचक नाव छापून येतं. पेटीवर आडनाव पासपोर्टातल्याच स्पेलिंगनं, मोठ्या अक्षरांत असलं की पुरतं. कुणाच्या घरात पोटभाडेकरू असाल तर मूळ भाडेकरूच्या नावाखाली आपलंही लावा.

मग कागदांची माळ सुरू होते आणि तिचा क्रम मोडता येत नाही. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. त्यासाठी घरमालकाची सही असलेला ‘हे इथे राहायला आले’ असा वेगळा दाखला लागतो. भाडेकरार दाखवून भागत नाही, आणि नेमकी इथंच बहुतेकांची पहिली फेरी फुकट जाते. वेळ आधी घ्यावी लागते, ती भारतातूनच घेऊन ठेवलेली बरी. नोंदणी झाल्यावर काही आठवड्यांत कराचा नंबर येतो. तो लागतो अर्धवेळ नोकरीसाठी. ब्लॉक खात्यात, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, भरलेल्या ११,९०४ युरोंपैकी महिन्याला ९९२ युरोच सुटतात, तेही इथलं बँक खाते उघडल्यावर. तोवर घराचं डिपॉझिट मात्र द्यावं लागतं. ते कायद्यानं तीन महिन्यांच्या मूळ (हीटिंग-पाणी वगैरे वगळून) भाड्यापर्यंत असू शकतं. शिवाय या राज्यात, म्हणजे बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो फी आहे. म्हणून फी सोडून हाताशी वेगळे दीड-दोन हजार युरो ठेवावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

भाषेत मात्र मराठी माणसाला एक सुख आहे. जर्मन आकडे आपल्यासारखेच एककापासून सुरू होतात. आइन-उन्ट-त्स्वान्सिग म्हणजे सरळ एकवीस, फ्युन्फ-उन्ट-फिअर्त्सिग म्हणजे पंचेचाळीस. मनात इंग्रजीत मोजणारा ४५ ऐकून ५४ लिहितो. मराठीत मोजा, फोन नंबर चुकणार नाही. घड्याळाचंही तसंच. या श्वाबिश (श्टुटगार्टभोवतीच्या श्वाबेन प्रदेशाच्या) मुलखात पावणेनऊला ‘द्रायफिअर्टल नॉइन’ म्हणतात, म्हणजे पाऊण नऊ. फसवतं ते ‘हाल्ब नॉइन’. ऐकताना साडेनऊ वाटतं, पण ते साडेआठ असतं, नवाकडे जाणारा अर्धा तास. वेळापत्रकात वेळेपुढे ‘सी.टी.’ असेल तर तास दिलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू होतो, ‘एस.टी.’ असेल तर ठोक्याला. तास संपला की मुलं बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात, त्या टाळ्याच. हजेरी बहुतेक विषयांत नसते, अंतर्गत गुणही नसतात. सगळं शेवटच्या एका परीक्षेवर, आणि त्या परीक्षेची नावनोंदणी ठरलेल्या मुदतीत आपणच करायची असते. मुदत हुकली तर अभ्यास करूनही बसता येत नाही. १.० सर्वांत चांगले, ४.० काठावर, ५.० नापास.

आता खिडकी. मूठ खाली असली की बंद, आडवी केली की पाखा दारासारखा उघडतो, वर केली की फक्त वरून कलतो. खिडकी अर्धवट उघडी असताना मूठ वर फिरवली की पाखा वरच्या बिजागरीतून सुटल्यासारखा लोंबतो. घाबरायचं नाही. बिजागरीकडचा वरचा कोपरा चौकटीत दाबून धरायचा आणि मूठ आडवी करायची, पाखा जागेवर बसतो. हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा खिडकी पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची. दिवसभर नुसती कलती ठेवू नका. त्यानं भिंत थंड पडते, आणि कुकरची वाफ, वाळत घातलेले कपडे यांची ओल त्याच भिंतीवर धरते. कपाटामागे काळी बुरशी आली की खोली सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले जातात.

मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. मला मात्र जास्त जवळचा वाटतो तो इथला एक शब्द : केरवोख, म्हणजे केर काढायचा आठवडा. मराठी कानाला तो समजावून सांगावा लागत नाही. दाराच्या मुठीला पाटी लटकली की तो आठवडा तुमचा. लहान केरवोख म्हणजे आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना झाडून ओल्या फडक्यानं पुसायचा. मोठी म्हणजे पदपथ, अंगण, तळघराच्या पायऱ्या. रविवारी व्हॅक्यूम लावलेला कुणाला खपत नाही, म्हणून शनिवारीच उरकायचं. कोपरे सोडू नका, शेजारच्या आजी बघतात. झालं की पाटी काढून पुढच्या दाराला अडकवायची.